हंगामाच्या मध्यावर पडणारा प्रश्न : झुंजावे की नव्याने उभारावे?

एखादा संघ हंगामाच्या आरंभी मोठ्या उमेदीने उतरतो; परंतु निम्मे सामने संपतात न संपतात तोच गुणतक्त्याच्या तळाशी जाऊन बसतो. अशा वेळी त्याच्या चालकांपुढे दोन वाटा असतात. आहेत तेच खेळाडू घेऊन उरलेल्या सामन्यांत नेटाने झुंजावे, ही एक. आणि हे वर्ष हातचे गेले असे समजून, नामांकित खेळाडू इतर संघांना द्यावेत, त्यांच्या बदल्यात तरुण खेळाडू मिळवावेत व संघ पायापासून नव्याने उभारावा, ही दुसरी. यांपैकी कोणती वाट केव्हा धरावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आम्ही उदाहरणे घेतली आहेत ती उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीची. इतक्या दूर जाण्याचे कारण आधी सांगितले पाहिजे.

आपल्याकडे हॉकीला तोटा नाही. इंदूरजवळच्या महूने १९४८ च्या ऑलिंपिक विजेत्या संघाचा कर्णधार किशनलाल आणि १९५६ ते १९६४ या तीन ऑलिंपिकांचा गोलरक्षक शंकर लक्ष्मण असे दोन थोर खेळाडू देशाला दिले. परंतु आपल्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. हरला तो घरी गेला. आंतरशालेय सामन्यांचेही तेच. शिवाय आपल्या शाळेचा सेंटर फॉरवर्ड दुसऱ्या शाळेला देऊन त्यांचे आठवीतले दोन चपळ विद्यार्थी मागून घेण्याची सोय कोणत्याही मुख्याध्यापकांना नाही! म्हणजे आपल्याकडे दुसरी वाट मुळातच बंद आहे. अमेरिका व कॅनडा येथील व्यावसायिक हॉकीत ती सताड उघडी आहे, इतकेच नव्हे तर तेथील नियमच संघाला तिकडे ओढतात.

हा खेळ बर्फाच्या रिंगणात, पायांत स्केट्स घालून, चेंडूऐवजी 'पक' नावाच्या रबरी चकतीने खेळतात. गोलरक्षकासह एका बाजूचे सहाच खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. 'नॅशनल हॉकी लीग' ही त्याची सर्वांत मोठी स्पर्धा. २०१८-१९ च्या हंगामात तीत ३१ संघ होते व प्रत्येकाच्या वाट्याला ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ८२ सामने होते. विजयास दोन गुण, जादा वेळेत हार झाल्यास एक गुण. सोळा संघ पुढे जातात. तेथे प्रत्येक जोडीत जो आधी चार सामने जिंकेल तो वरच्या फेरीत, आणि अशा चार फेऱ्या जिंकणाऱ्यास स्टॅनले चषक.

आता ज्या नियमामुळे आमचा प्रश्न उद्भवतो तो पाहू. दर वर्षी अठरा वर्षांच्या आसपासच्या नवोदित खेळाडूंची निवड होते, आणि आधी निवडण्याचा हक्क साधारणपणे तळाच्या संघांना मिळतो. दुर्बळास बळ मिळावे हा त्यातील हेतू. पण या नियमाला दुसरीही बाजू आहे : हरण्यातही लाभ असू शकतो. १९८४ साली मारिओ लेमिए नावाचा असामान्य युवक निवडीस यावयाचा होता. त्या हंगामाच्या अखेरीस पिट्सबर्गचे ३८ गुण झाले, न्यू जर्सीचे ४१. तीन गुण कमी पडले म्हणून लेमिए पिट्सबर्गला मिळाला, आणि त्याच्या नेतृत्वाखाली त्या शहराने १९९१ व १९९२ असा दोनदा चषक जिंकला. असा प्रकार सर्रास होऊ लागला तर खेळाचे वाटोळेच व्हावयाचे. म्हणून १९९५ पासून पहिल्या निवडीसाठी सोडत काढू लागले. तळाच्या संघास संधी अधिक, पण खात्री नाही.

याच्या जोडीला २००५ पासून वेतनमर्यादाही आली. संघाने खेळाडूंवर किती खर्च करावा याची कमाल रक्कम ठरलेली असते. २०१८-१९ साली ती सात कोटी पंचाण्णव लक्ष डॉलर होती. त्यामुळे श्रीमंत संघालाही हवे ते सर्व खेळाडू बाळगता येत नाहीत. आणि फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी एक दिवस असा ठरलेला असतो की त्यानंतर अदलाबदलीने आलेल्या खेळाडूला त्या वर्षीच्या चषकाच्या फेऱ्यांत खेळता येत नाही. विचार करावयाचा तो त्याच्या आतच. या व्यवस्थेत सर्वांत वाईट जागा कोणती? शेवटची नव्हे, मधली. मधल्या संघाला चषकही नाही आणि उत्तम नवोदितही नाही. म्हणून जानेवारी महिना उजाडला की अशा प्रत्येक शहरातील वृत्तपत्रे विचारू लागतात : झुंजणार की विकणार?

सेंट लुईस शहराचा 'ब्लूज' हा संघ १९६७ साली निघाला. पहिल्या तीनही वर्षी, १९६८, १९६९ व १९७० मध्ये, तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिन्ही वेळा एकही सामना न जिंकता हरला. पुढे जवळजवळ अर्धशतक चषक त्याच्या हाती आला नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात सरव्यवस्थापक डग आर्मस्ट्राँग यांनी मोठा डाव टाकला. बफेलो संघाकडून रायन ओ'रायली हा मधल्या फळीचा उत्कृष्ट खेळाडू त्यांनी घेतला. त्यासाठी तीन खेळाडू आणि २०१९ ची आपली पहिली निवडही देऊ केली. इतरही काही अनुभवी खेळाडू आणले. सगळ्यांस वाटले, हे वर्ष सेंट लुईसचे.

प्रत्यक्षात घडले ते उलटच. १९ नोव्हेंबर २०१८ रोजी, १९ सामन्यांत अवघे सात विजय झाले असता, प्रशिक्षक माईक यो यांना दूर करण्यात आले आणि त्यांचे सहायक क्रेग बेरूबे यांना हंगामी प्रशिक्षक नेमले. तरी घसरण थांबली नाही. डिसेंबरात सरावाच्या वेळी रॉबर्ट बोर्टुझो आणि झॅक सॅनफर्ड हे एकाच संघाचे दोन खेळाडू एकमेकांवर धावून गेले व हातघाईवर आले. चित्रफीत निघाली, ती गावोगाव पोहोचली, लोकांनी संघाची टर उडविली. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी सेंट लुईसचा हिशेब असा होता : सामने ३७, विजय १५, पराभव १८, जादा वेळेतील पराभव चार, एकूण गुण ३४. एकतीस संघांत क्रमांक एकतिसावा.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून स्वतःला आर्मस्ट्राँग यांच्या जागी कल्पावे. कर्णधार अॅलेक्स पिएट्रांजेलो, गोल करण्यात पटाईत असा व्लादिमीर तारासेंको, यांना इतर संघांकडून चांगली किंमत आली असती. तशा वार्ताही छापून येत होत्या. तळाशी राहिल्यास आपली २०१९ ची पहिली निवड त्या वर्षापुरती स्वतःकडे राखण्याची सवलत बफेलोशी झालेल्या करारात होती. म्हणजे कागदावर पाहू जाता सारे काही विकण्याच्याच बाजूने होते. तक्ता पाहून निर्णय घेणाऱ्याने त्याच आठवड्यात दुकान मांडले असते.

आर्मस्ट्राँग यांनी मांडले नाही. त्यांच्या मनातले आम्ही सांगू शकत नाही. पण संघाची घडण पाहिली तर त्या निर्णयाचे समर्थन करता येते. संघातील प्रमुख खेळाडू वृद्ध झाले नव्हते. बहुतेक ऐन पंचविशी-तिशीतले होते. बचावफळी उंच, दणकट आणि अनुभवी होती. ओ'रायली स्वतः उत्तम खेळत होता. संघाला नवा प्रशिक्षक येऊन सहाच आठवडे झाले होते, आणि नवी शिस्त अंगवळणी पडण्यास सहा आठवडे हा काही काळ नव्हे. उणीव स्पष्ट दिसत होती ती एकाच जागी, गोलरक्षणात. जेक अॅलन हा मुख्य गोलरक्षक चाचपडत होता. घराच्या भिंती भक्कम असून दारच नीट लागत नसेल तर कोणी घर पाडीत नाही.

ते दार लागले ७ जानेवारीला. जॉर्डन बिनिंग्टन हा पंचवीस वर्षांचा गोलरक्षक त्या दिवशी फिलाडेल्फियाविरुद्ध प्रथमच आरंभापासून उभा राहिला. २०११ साली तिसऱ्या फेरीत निवडलेला हा युवक सात वर्षे कनिष्ठ व दुय्यम संघांतून खेळत होता. २०१७-१८ मध्ये तर सेंट लुईसचा स्वतःचा दुय्यम संघच नसल्यामुळे त्याला बॉस्टनच्या दुय्यम संघाकडे उसना धाडला होता. त्याच्याकडून कोणी चमत्काराची अपेक्षा केली नव्हती. त्या सामन्यात त्याने एकही गोल होऊ दिला नाही. सेंट लुईस ३-० ने जिंकले. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर २४ विजय होते, आणि सामन्यामागे सरासरी दोन गोलही त्याच्यावर झाले नव्हते. गोलरक्षक बिनधोक असला की पुढच्या फळीचे मन कसे मोकळे होते, हे माळव्यातील वाचकांस समजावून सांगावयास नको. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकात पाकिस्तानविरुद्धचा अंतिम सामना भारताने १-० असा जिंकला, तेव्हा गोलात महूचा शंकर लक्ष्मण होता. एका गोलाची आघाडी पुरी पडते ती अशा माणसाच्या भरवशावर.

जानेवारीच्या अखेरीपासून सेंट लुईसने लागोपाठ अकरा सामने जिंकले. ३ जानेवारीनंतरच्या ४५ सामन्यांत ३० विजय, दहा पराभव आणि जादा वेळेतील पाच पराभव, गुण ६५. एकूण ९९ गुण मिळवून संघ पुढे गेला. विनिपेगला सहा सामन्यांत, डॅलसला सात सामन्यांत, सॅन होजेला सहा सामन्यांत त्यांनी हरविले. अंतिम फेरीत गाठ बॉस्टनशी पडली. तीही सातव्या सामन्यापर्यंत गेली. १२ जून २०१९ रोजी बॉस्टनच्याच रिंगणात सेंट लुईस ४-१ असा जिंकला. पहिला गोल ओ'रायलीचा, दुसरा पिएट्रांजेलोचा. आणि चौथा, डिसेंबरातल्या त्या हातघाईतल्या सॅनफर्डचा. बोर्टुझो आणि सॅनफर्ड दोघेही विजेत्या संघातच होते.

ही हकीकत इतकी रोमहर्षक आहे की ती वाचून कोणासही वाटावे, झुंजणे हेच सदैव खरे. आम्हांस तसे वाटत नाही. शंभरांतील एका यशाकडे पाहून नव्याण्णव अपयशांकडे डोळेझाक करणे हा अभ्यास नव्हे. याच सुमारास न्यूयॉर्कने उलट वाट धरली होती, आणि तीही विचारपूर्वक.

न्यूयॉर्कचा 'रेंजर्स' हा संघ २०१४ साली अंतिम फेरीत लॉस एंजेलिसकडून हरला होता. त्यानंतर काही वर्षे तो चषकाच्या आशेने तरुण निवडी देऊन अनुभवी खेळाडू विकत घेत राहिला. २०१७-१८ च्या हंगामात त्याचे बळ ओसरले. लक्षात घ्या, तो काही तळाशी नव्हता. फेब्रुवारीच्या आरंभी त्याचे विजय-पराभव जवळजवळ सारखे होते. तरीही ८ फेब्रुवारी २०१८ रोजी संघाचे अध्यक्ष ग्लेन सेदर व सरव्यवस्थापक जेफ गॉर्टन यांनी प्रेक्षकांच्या नावे एक पत्र प्रसिद्ध केले. संघ आता तरुण खेळाडूंवर उभारण्यात येईल, त्यासाठी लोकांच्या परिचयाचे व आवडीचे काही खेळाडू जातील, अशा आशयाचे ते पत्र होते. व्यावसायिक खेळात हंगामाच्या मध्यावर, तिकिटे विकली जात असताना, मालकाने गिऱ्हाइकास असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. पुनर्बांधणी करावयाचीच तर ती चोरून न करता अशी उघड करावी, हे आम्हांस त्या पत्रातील सर्वांत चांगले वाटते.

महिना संपण्यापूर्वी रिक नॅश बॉस्टनला गेला, आणि २६ फेब्रुवारीला संघाचा कर्णधार रायन मॅक्डोना टँपा बे संघाकडे. मागे राहिला तो गोलरक्षक हेन्रिक लुंडक्विस्ट. २००५ पासून हा स्वीडिश खेळाडू न्यूयॉर्कच्या गोलात उभा होता. पत्र निघाले तेव्हा तो छत्तिसाव्या वर्षाला टेकला होता. चषक त्याने जिंकला नव्हता. नव्याने उभारावयाच्या संघाला चार-पाच वर्षे लागणार, आणि त्याच्याजवळ तेवढी वर्षे उरलेली नव्हती, हे त्याला व सर्वांना ठाऊक होते. तो गेला नाही. २०२० साली संघानेच त्याचा करार मोडून त्याला मोकळे केले, आणि पुढल्या वर्षी हृदयविकारामुळे त्याने निवृत्ती घेतली. 'पुनर्बांधणी' हा शब्द ऐकावयास चांगला. पण आजची वर्षे उद्यासाठी खर्च करावयाची असतात, आणि ती वर्षे कोणाच्या तरी आयुष्यातली असतात. सरव्यवस्थापकाला वाट पाहता येते. छत्तीस वर्षांच्या गोलरक्षकाला येत नाही.

न्यूयॉर्कची वाट यशस्वी झाली काय? २०२१-२२ मध्ये त्यांनी ११० गुण मिळविले व ते उपान्त्य फेरीपर्यंत गेले. २०२३-२४ मध्ये ११४ गुणांसह सर्व संघांत पहिले आले व पुन्हा उपान्त्य फेरीत हरले. २०२४-२५ मध्ये मात्र पहिल्या सोळांतही आले नाहीत. चषक या सर्व काळात दूरच राहिला. याला यश म्हणावे की अपयश, याबद्दल मतभेद होऊ शकतो. परंतु आम्हांस याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की २०२२ चा तो चांगला संघ बनला कशामुळे, याचा शोध घेतला तर २०१८ च्या विक्रीचा त्यातील वाटा अगदी थोडा निघतो. गोलरक्षक इगोर शेस्टर्किन २०१४ सालीच निवडलेला होता. ख्रिस क्रायडर २००९ चा. मिका झिबानेजाद २०१६ मध्ये आलेला. आर्टेमी पनारिन २०१९ साली करारमुक्त होऊन स्वतःच्या पसंतीने न्यूयॉर्कला आला. बचावपटू अॅडम फॉक्स लाँग आयलंडवर वाढलेला. त्याला घराजवळच खेळावयाचे होते. सोडतीत मात्र दैव दोनदा प्रसन्न झाले : २०१९ मध्ये दुसरी निवड, २०२० मध्ये पहिली. विक्रीतून आलेल्यांपैकी नॅशच्या बदल्यातला रायन लिंडग्रेन हा बचावपटू टिकला, आणि त्याच अदलाबदलीतील निवडीचा उपयोग करून घेतलेला के'आंद्रे मिलरही. कर्णधार मॅक्डोनाच्या बदल्यात आलेल्यांपैकी मात्र कोणीही न्यूयॉर्कला फार काळ उपयोगी पडला नाही. उलट मॅक्डोनाने टँपा बेकडून २०२० व २०२१ असे दोन चषक जिंकले, आणि २०२२ च्या उपान्त्य फेरीत न्यूयॉर्कला हरविणारा संघ तोच!

मग विक्री व्यर्थ का? तसेही नाही. वेतनमर्यादेच्या जगात जुने मोठे करार गेले म्हणूनच पनारिनसारख्यास द्यावयास पैसा उरला, आणि जागा रिकाम्या झाल्या म्हणूनच तरुणांना खेळावयास मिळाले. मोडलेल्या घराचे सामान विकून फारसे काही हाती येत नाही. खरा लाभ मोकळ्या झालेल्या जागेचा असतो.

तिसरे उदाहरण बफेलोचे. ते आम्ही थोडक्यात देतो. फार वेळ त्यात रमण्यासारखे काही नाही. २०१५ च्या निवडीत कॉनर मॅक्डेव्हिड हा युवक यावयाचा होता. लेमिएनंतरच्या पिढ्यांतील तो एक अद्भुत खेळाडू. बफेलोचा संघ २०१४-१५ मध्ये इतका दुबळा ठेवण्यात आला होता की मार्च महिन्यात स्वतःच्या रिंगणात जादा वेळेत प्रतिपक्षाने विजयाचा गोल केला, तेव्हा बफेलोच्याच प्रेक्षकांतून आनंदाचे आरोळे उठले. खेळाडूंच्या मनावर काय आघात झाला असेल! बर्फावरील खेळाडू जिंकावयासच धडपडत असतो. त्याच्यापुढे पुढल्या वर्षाचा करार असतो, पुढल्या वर्षाचा नवोदित नसतो. बफेलो शेवटचे आले. सोडतीत त्यांना शंभरात वीस इतकी संधी होती. चिठ्ठी एडमंटनच्या नावाची निघाली. बफेलोला दुसरी निवड मिळाली. त्यानंतरही संघ वर आला नाही. २०११-१२ पासून २०२४-२५ पर्यंत सलग चौदा हंगाम तो पहिल्या सोळांबाहेर राहिला. त्या स्पर्धेच्या इतिहासात इतका दीर्घ वनवास दुसऱ्या कोणास घडलेला नाही.

या वनवासाच्या मध्यावर रायन ओ'रायली तेथे खेळत होता. होय, तोच. २०१७-१८ मध्ये बफेलो पुन्हा शेवटचे आले, तेव्हा हंगामाच्या अखेरीस त्याने पत्रकारांपुढे कबूल केले की संघाला हरण्याची सवय जडली आहे आणि अधूनमधून आपले खेळावरचे प्रेमच हरवल्यासारखे झाले. त्या उन्हाळ्यात बफेलोने त्याला सेंट लुईसला देऊन टाकले. वर्षभराने अंतिम सामन्यातला पहिला गोल त्याने केला आणि चषकाच्या फेऱ्यांतील सर्वोत्तम खेळाडूचे पारितोषिकही त्यालाच मिळाले. माणूस एकच, कसब एकच. बफेलोत ते हरवले होते असे नव्हे; वर्षानुवर्षे हरणाऱ्या संघात त्याला धार राहिली नव्हती. पुनर्बांधणीचा हिशेब मांडताना नवोदित, करार, डॉलर हे सर्व मोजले जाते. हरण्याची सवय हा खर्च मात्र कोणत्याच रकान्यात येत नाही, आणि आमच्या मते सर्वांत जड तोच.

या तीन उदाहरणांवरून आमचे मत असे बनले आहे, की गुणतक्त्यावरील स्थान पाहून हा निर्णय करणे चूक आहे. तक्त्याप्रमाणे चालावयाचे तर शेवटच्या सेंट लुईसने विकावयास हवे होते आणि मधल्या न्यूयॉर्कने झुंजावयास. दोघांनी उलट केले व दोघांचेही बरोबर ठरले. पाहावयाचे ते हे, की संघाचे बळ संपले आहे की विस्कटले आहे. सेंट लुईसचे विस्कटले होते; माणसे तीच, वय योग्य, उणीव एका जागेची. न्यूयॉर्कचे संपत आले होते. प्रमुख खेळाडू उतारास लागलेले, करार संपत आलेले, मागे तरुण कोणी नाही. बाहेरून पाहता दोन्ही दुखणी सारखीच दिसतात, कारण सामने दोन्हींत हरले जातात. भेद ओळखावयास संघ रोज सरावात पाहावा लागतो. गॅलरीतून तो दिसत नाही आणि वृत्तपत्रातून तर नाहीच.

यावर कोणी म्हणेल, की ही चिकित्सा फळ पाहून केलेली आहे. बिनिंग्टन उभा राहिला नसता तर आर्मस्ट्राँग यांना सर्वांनी मूर्ख ठरविले असते. आक्षेप खरा आहे. दैवाचा भाग वजा करता येत नाही. परंतु सेंट लुईसच्या निर्णयात एक शहाणपण असे होते, की तो परत घेता येण्याजोगा होता. जानेवारीत न विकता फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत सात आठवडे थांबता येत होते. तोवर गाडी रुळावर आली नसती तर विक्रीचा मार्ग उरलाच होता. एकदा पिएट्रांजेलो दिला असता तर तो परत आणता आला नसता. ज्या निर्णयातून मागे फिरता येते तो आधी करून पाहावा आणि ज्यातून फिरता येत नाही तो मुदत सरत आल्यावर करावा, एवढे तरी कोणत्याही चालकाच्या हाती असते.

झुंजणे हे आर्मस्ट्राँग यांचे ब्रीद नव्हते, हेही सांगितले पाहिजे. चार वर्षांनी, २०२२-२३ च्या हंगामात, सेंट लुईस पुन्हा मागे पडले. या वेळी चषकविजेते खेळाडू वयाने वाढले होते व काहींचे करार संपत आले होते. आता बळ विस्कटले नव्हते, संपत आले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच आर्मस्ट्राँग यांनी आठवड्याभराच्या अंतराने तारासेंको आणि आता कर्णधार झालेला ओ'रायली या दोघांना दुसऱ्या संघांकडे पाठविले. ओ'रायली टोरँटोला गेला. तारासेंकोला घेतले न्यूयॉर्कने. पाच वर्षांपूर्वी ते पत्र लिहिणारा संघ आता चषकासाठी अनुभवी माणसे शोधीत होता.

त्या अदलाबदलीत न्यूयॉर्कने जे दिले त्याची वंशावळ मोठी गमतीची आहे. २०१८ मध्ये मॅक्डोनाच्या बदल्यात टँपा बेची पहिली निवड न्यूयॉर्कला मिळाली होती. तीतून त्यांनी निल्स लुंडक्विस्ट नावाचा बचावपटू घेतला (गोलरक्षक लुंडक्विस्ट तो वेगळा). तो तेथे रुळला नाही, म्हणून २०२२ मध्ये त्याला डॅलसकडे देऊन डॅलसची २०२३ ची पहिली निवड घेतली. तीच निवड तारासेंकोसाठी सेंट लुईसच्या हाती पडली. त्या वसंतात न्यूयॉर्क पहिल्याच फेरीत न्यू जर्सीकडून सातव्या सामन्यात हरले आणि उन्हाळ्यात तारासेंको करार संपवून ओटावाला निघून गेला. जून महिन्यात सेंट लुईसने त्या निवडीतून, एकोणतिसाव्या क्रमांकावर, थिओ लिंडस्टाइन या अठरा वर्षांच्या स्वीडिश बचावपटूचे नाव पुकारले.